बिनगर्दीचं लग्न

पडद्यावर लग्नाचा सीन आला आणि संजनाने डोळे गच्च मिटून घेतले. पिक्चर तिनेच बनवला होता, पण हा सीन काही तिला बघवत नसे. एवढ्या मोठ्या मांडवात नवरा, नवरी आणि भटजी, बस! गर्दी उभी करायची तर गावजेवण घालावं लागलं असतं, आणि तिचा खिसा तोवर पार रिकामा झालेला. मग तिने गोष्टच फिरवली. फुलं विकणाऱ्या विधवेने पन्नाशीत पुन्हा लग्न केलं, म्हणून गावातलं कोणी आलंच नाही.

शेजारी लताबाई बसल्या होत्या. पडद्यावरची नवरी त्याच, आणि एरवी पंचवटीत खरोखरचा झेंडू विकणाऱ्याही त्याच.

"संजना, हसतील गं लोक मला," त्या पुटपुटल्या.

मागच्या रांगांत कॉलेजची पोरं मघापासून खिदळतच होती. दाराशी थिएटरचे मॅनेजर सावळीराम हाताची घडी घालून उभे. शो सुरू व्हायच्या आधीच त्यांनी सांगून टाकलं होतं, "ताई, आज पब्लिकने उचलून धरला तर ठीक. नाहीतर उद्या दुसरा पिक्चर लावतो."

मंगलाष्टकं सुरू झाली. पुढच्या रांगेत निफाडकडच्या एक आजी होत्या, त्या सवयीने उठून उभ्या राहिल्या. मंगलाष्टकं चालू असताना बसून कसं राहायचं? त्यांचं बघून शेजारणी उठल्या. भटजी "सावधान" म्हणाले आणि आजींचा हात आपोआप वर गेला. मुठीत होते पॉपकॉर्न. तेच त्यांनी नवरा-नवरीवर उधळले.

सगळं थिएटर खो खो हसलं. संजना खुर्चीत आणखी खाली सरकली.

"हसता काय रे?" आजी मागे वळून कडाडल्या. "बिचारीच्या लग्नाला कुत्रं बी फिरकलं नाय. आपुन तरी टाकू की अक्षता!"

पुढच्या "सावधान"ला अख्खं थिएटर उभं. पॉपकॉर्न, फुटाणे, कुणाचा चिवडा, ज्याच्या हाताला जे लागेल ते. कॉलेजची पोरं तर खुर्च्यांवर चढली आणि शिट्ट्यांनी थिएटर डोक्यावर घेतलं. शेवटच्या "सावधान"ला असा टाळ्यांचा कडकडाट झाला की भटजी ऐकूच येईनात. संजना हसत होती आणि डोळ्यांतलं पाणी काही थांबत नव्हतं. एवढा आनंद तिला आयुष्यात झाला नव्हता. लताबाईंच्या अंबाड्यात मागून आलेले पॉपकॉर्न अडकले होते, आणि त्या ते काढायला तयार नव्हत्या.

पिक्चर सुटला. पडद्याखालचा पसारा बघून सावळीरामांनी कपाळाला हात लावला. मग ते संजनाकडे वळले.

"ताई, उद्या येताना तांदूळ घेऊन या. हे पॉपकॉर्न झाडायला लय त्रास होतो."