हललेली काच

एक काच, शेवटची. काळं फडकं. कॅमेऱ्याच्या तिकाटण्याचा सुतळीनं बांधलेला पाय. पौषातली पहाट. कडक झालेल्या दोन भाकरी. "दूध उतू गेल्यावाणी दिसतं," हे ताराचं बोलणं.

हिंगोलीचा उद्धव फोटोवाला एवढं घेऊन गोरेगावामागच्या डोंगरावर उभा होता. विलायतेत लढाई सुरू झाल्यापासून फोटोच्या काचा मिळेनाशा झाल्या होत्या. ही एक त्यानं कुणाच्या लग्नालाही काढली नाही, की तहसीलदारालाही दिली नाही. त्याची बायको तारा याच डोंगराखाली वाढली. दर पौषात म्हणायची, एकदा वर चला, धुकं पायाखाली असतं. त्याला सवड झाली नाही. तारा जाऊन आता वर्ष होत आलं.

खाली खरोखरच दूध उतू गेलं होतं. गाव नाही, शिवार नाही. नुसतं पांढरं.

"कोनाचा काढता फोटू?" पेटी वाहून आणणाऱ्या तांड्यावरच्या थावरा नाइकानं विचारलं. "इथं तर कोनीच न्हाई."

"धुक्याचा."

"अन् ते भिंतीला लावनार?" थावरा गालात हसला. "बराबर हाय. धूळ बसली तरी कळायचं न्हाई, पुसायची तकलीफ न्हाई."

पण नुसत्या पांढऱ्यात उंची कळेना. माणूस हवं होतं. उद्धवनं त्यालाच कड्यावर उभं केलं.

"आठ मोजेपर्यंत हलायचं नाही, नाईक. दुसरी काच नाही."

"दम बी घेत न्हाई."

उद्धवनं भिंगावरचं टोपण काढलं.

एक. थावरा दगडासारखा.

दोन.

तीन. ताराला असंच बसवलं होतं, एकदाच, परसात. हेच तिकाटणं.

चार. "हलू नको," म्हटलं आणि तिला हसू फुटलं.

पाच. चेहरा सगळा पुसट आला. "घालवलीस काच फुकट," तो म्हणाला होता. ती दिवसभर बोलली नाही.

सहा. थावराचे खांदे हलायला लागले. त्यानं ओठ दाबले, मान खाली घातली, आणि खो खो हसला.

सात. टोपण उद्धवच्या हातातच राहिलं.

आठ. त्यानं टोपण लावलं.

"हाललो म्या." थावरा ओशाळून जवळ आला. "काय करू, घरवाली भिकाबाई आठवली. म्हनते, तुमी आठ मोजंस्तोवर गप बसले तर तांड्यात गूळ वाटीन. फोटूत तोंड येईल का माजं?"

"पुसट येईल."

"मंग काय कामाची? टाका धुवून."

उद्धवनं पेटीतून काचेची लाकडी चौकट काढली, काळ्या फडक्यात दोनदा गुंडाळली. उतरताना थावरानं हात पुढं केला. उद्धवनं त्याला पेटी दिली, तिकाटणं दिलं. चौकट दिली नाही.

बिघडलेल्या काचा उद्धव गरम पाण्यानं धुऊन तसबिरींना वापरत असे; ताराची हललेली काचही त्यानं तशीच धुऊन त्याच आठवड्यात आखाडा बाळापूरच्या एका गिऱ्हाइकाच्या दत्ताच्या तसबिरीला बसवली होती.