दुसरं खातं

“प्ले स्टोअरही बंद करा,” जितेंद्र म्हणाला. “काही म्हणजे काहीच नवीन उतरवता यायला नको.”

हुमाने टॅबलेटवरून मान वर केली. धुळ्यातलं हे मोबाइलचं दुकान तिच्या वडिलांचं, पण गेली दोन वर्षं काउंटर तीच सांभाळत होती. एका टॅबलेटवर दोन खाती करून देणं हे रोजचंच काम. एक मालकाचं, सगळं उघडणारं. दुसरं ठरवून दिलेल्या चार गोष्टींपुरतं. लोक ते मुलांसाठी करून घ्यायचे. या माणसाबरोबर मूल नव्हतं. शेजारच्या स्टुलावर त्याची आई बसली होती.

बेबाबाई तिचं नाव. सत्तरीची असेल. सकाळच्या एसटीने दोघं साक्रीहून आले होते. पदर डोक्यावरून घट्ट ओढलेला, मांडीवर कापडी पिशवी. शहरातल्या माणसांशी ती जपून मराठी बोलायची. भान सुटलं की अहिराणी यायची.

“दुसऱ्या खात्यात काय काय ठेवू?” हुमाने विचारलं.

“फोन लावता यावा. कॅमेरा. आणि कांद्याचे बाजारभाव.”

म्हातारीला बाजारभाव कशाला, असं हुमाच्या मनात आलं. शेती हिच्याच नावावर असेल, असं समजून तिने खूण केली.

“यूट्यूब?”

“नको.”

“भजनं तरी ऐकता येतील, भाऊ.”

जितेंद्रने आईकडे पाहिलं. “भजनांचं वेगळं ॲप असेल तर टाका. यूट्यूबवर मध्येच कसल्याही जाहिराती येतात.”

“पैसे पाठवायचं?”

“अजिबात नको.”

काउंटरखाली त्याचा गुडघा सारखा हलत होता. मालकाचा पासवर्ड माहीत नसताना यातलं काही बदलता येईल का, हे त्याने तिसऱ्यांदा विचारलं. टॅबलेट बंद करून चालू केला तर? सिमकार्ड बदललं तर? हुमा प्रत्येक वेळी नाही म्हणाली. प्रत्येक वेळी त्याने “नक्की?” असं विचारलं.

“घरात दुसरा फोन आहे ना?”

“माझा होता, तो विकला. आता हे एकच.”

“एवढी कसली भीती, भाऊ?” शेवटी तिने विचारलंच.

“एकदा बोट नको तिथे पडलं ना, की सगळं घर भोगतं,” तो म्हणाला. “आम्ही भोगलंय.”

बेबाबाईने मान खाली घातली.

हुमाला आतून काहीतरी टोचलं. सासरी चार वर्षं तिचा स्वतःचा फोन नवऱ्याच्या खिशात असायचा. अम्मीशी बोलायचं तर मागून घ्यायचा, त्याच्यासमोर बोलायचं आणि परत द्यायचा. तिथून ती निघून आली, वडिलांच्या हाताखाली दुरुस्ती शिकली, आणि ज्या वस्तूने तिला कोंडून ठेवलं होतं तीच आज स्क्रू काढून उघडू शकत होती. समोरच्या बाईचं वय मात्र आता कुठे निघून जायचं नव्हतं.

“अक्का, तुम्हाला चालेल ना हे असं?”

बेबाबाईने आधी मुलाकडे बघितलं. “जितू म्हणेल तसं. माले काय समजस त्यामा?”

हुमा पुन्हा टॅबलेटकडे वळली. एकेक गोष्ट ती बंद करत गेली. प्ले स्टोअरपाशी तिचं बोट थांबलं. तिने ते बंद केलं नाही. एका फोल्डरमध्ये, दुसऱ्या पानावर, सहज नजर जाणार नाही अशा ठिकाणी सरकवून ठेवलं. गिऱ्हाइकाला फसवण्याची तिची ही पहिलीच वेळ होती. पण तिला वाईट वाटलं नाही.

“झालं. आता मालकाच्या खात्याला पासवर्ड तेवढा टाकायचा राहिलाय.”

जितेंद्र लगेच उठला. “मी चहा सांगून येतो. तोवर तुमचं होऊ द्या.”

तो रस्ता ओलांडून टपरीवर गेला आणि दुकानाकडे पाठ करून उभा राहिला.

एवढाच वेळ होता. हुमाने टॅबलेट बेबाबाईसमोर धरला आणि आवाज खाली आणला.

“अक्का, नीट बघून घ्या. इथून दुसरं पान. हा डबा दाबायचा. त्याने सांगितलं तरी मी हे बंद केलेलं नाही. तुम्हाला जे हवं ते इथून घेता येईल. कुणाशी बोलायचं असेल, काही बघायचं असेल, कुणाची परवानगी नको. आणि हा माझा नंबर. अडलं तर मला फोन लावा. तुमच्या मुलाला काही कळणार नाही.”

बेबाबाई त्या डब्याकडे बघत राहिली. मग हुमाकडे. तिचे डोळे भरून आले. तिने सुरकुतलेला हात हुमाच्या गालावरून फिरवला.

“तुनं मन लई मोठं शे, बेटी,” ती म्हणाली आणि टॅबलेट हळूच तिच्याकडे परत सरकवला. “पण ते बठ्ठं, सगळंच बंद करी दे. ते दुसरं खातं माझं नाही शे, जितूचं शे. मालकाचा पासवर्ड मी टाकणार, तो त्याला दिसू नये म्हणून तर तिकडे तोंड करून उभा शे. मोबाइलवरचा जुगार सोडून आज त्याला एकशे बारा दिवस झाले.”