विषयाला धरून

"आधी माशांचं लिही," आई म्हणाली. "ह्यांचं मग मध्येच घाल. नुसतं ह्यांचं लिहिलंस तर कापतात."

लेक बाबांच्या खुर्चीत बसली होती. समोर बाबांचा जुना कॉम्प्युटर आणि शेजारी काचेची टाकी. नोकरीसाठी घर सोडताना ती टाकी इथेच ठेवून गेली होती. मला माशांतलं ओ की ठो कळत नाही, असं बाबा तेव्हा कुरकुरले होते. आता पाणी इतकं नितळ होतं की मासे हवेत तरंगत असल्यासारखे दिसत होते.

"कोण कापतं?"

"आहे एक मॉडरेटर. हे मास्तरीणबाई म्हणायचे तिला. बाई की बुवा देव जाणे, पण हातावर छडी मारल्यासारखं लिहिते, म्हणून मास्तरीण. तू उघड तर खरं."

"बाबा फोरमवर कधीपासून?"

"म्हणजे काय? तूच म्हणालीस ना, मला सारखं फोनवर विचारू नका, फोरमवर विचारा."

म्हणाली होती खरी. बाबा खरंच तिथे गेले असतील असं मात्र तिला कधी वाटलं नव्हतं.

पान उघडलं. घरी मासे पाळणाऱ्यांचा फोरम. कोपऱ्यात सदस्याचं टोपणनाव होतं : गोगलगाय.

तिचा हात माउसवर तसाच राहिला.

गोगलगायला ती चांगली ओळखत होती. फोरम तीच सांभाळायची, ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत. शाळकरी पोरंही तिथे वाचतात, तेव्हा शिस्त हवीच. हा गोगलगाय पाणी कधी बदलायचं ते विचारायला यायचा आणि बघता बघता घरच्या गोष्टींत शिरायचा. मध्यंतरी त्याने लिहिलं होतं, "टाकीतलं पाणी ज्या नळीने काढतो तसलीच नळी आता मलाही बसवली आहे. पिशवी भरली की बायको रिकामी करते. मासे कुरकुरत नाहीत, मी कुरकुरतो." ते तिने शेजारच्या टेबलावरच्या मैत्रिणीला वाचून दाखवलं होतं. दोघी पोट धरून हसल्या होत्या. मग तिने ते पुसलं आणि खाली लाल अक्षरांत लिहिलं, हा फोरम सर्व वयाच्या सदस्यांसाठी आहे, शरीराची वर्णनं टाळावीत, विषयाला धरून लिहावे. पुन्हा कटकट नको म्हणून गोगलगायचं खातं तपासणीवर टाकलं. तेव्हापासून त्याचं अक्षरन् अक्षर आधी तिच्याकडे यायचं.

"बाबांना नळी बसवली होती?" तिने पडद्याकडे बघतच विचारलं.

"शेवटी शेवटी कायमचीच. तुला सांगू देत नव्हते. कामात असते बिचारी, म्हणायचे, कशाला तिच्या जिवाला घोर. मग इथे लिहीत बसायचे. माणसाला कुठेतरी बोलायला हवं ना."

फोनवर बाबा म्हणायचे, जरा अशक्तपणा आहे. ती म्हणायची, पाणी भरपूर प्या.

"राग यायचा त्यांना? कापलं की?"

"छे गं. हसायचे. परत लिहायला बसायचे, आधीपेक्षा आखूड. बरोबर आहे तिचं, म्हणायचे, पोरंसोरं वाचतात." आईने टाकीच्या काचेवरचा डाग पदराने पुसला. "आणि म्हणायचे, कापायचं तर आधी वाचावं लागतं. माझं शेवटपर्यंत वाचणारी तेवढी एकच आहे तिथे."

पंपाचे बुडबुडे वर येऊन फुटत होते. लेकीने कीबोर्ड पुढे ओढला.

"हं, लिही," आई सांगू लागली. "टाकीतले मासे ठीक आहेत. काळ्या मोलीला पिल्लं झाली. पाणी आता मी बदलते, कारण हे मंगळवारी गेले. पिल्लं मोठ्या माशांपासून कधी वेगळी करायची ते कृपया सांगावे."

"एवढंच?"

"नळीबिळीचा विषय काढू नकोस. आणि शेवट प्रश्नानेच कर. प्रश्न असला की सहसा राहू देतात."

तिने आई सांगेल तसं लिहिलं. खाली 'गोगलगायची बायको' असं घातलं आणि पाठवलं. पडद्यावर निळी पट्टी आली : आपला मजकूर मॉडरेटरच्या तपासणीनंतर दिसेल.

तिच्या मांडीवरचा फोन थरथरला.

"ऑफिसचा का? घे बाई, माझ्यासाठी अडून राहू नकोस."

"बघते."

तिने फोन टेबलाखाली धरला. त्यावर त्याच ओळी होत्या आणि खाली दोन बटणं, 'ठेवा' आणि 'काढा'. आई, ती मास्तरीण मीच. शब्द ओठांपर्यंत आले. आई खुर्ची ओढून, चष्मा सारखा करून पडद्यासमोर बसली होती, दवाखान्यात नंबर लागायची वाट बघत बसावं तशी.

टेबलाखाली तिने अंगठा टेकवला.

निळी पट्टी गेली आणि ओळी दिसू लागल्या. आईने पडद्यावर बोट फिरवत सगळं वाचलं. 'गेले'पाशी तिचं बोट जरा थांबलं. मग पुढे सरकलं.

"राहू दिलं गं," ती म्हणाली. "मनाने वाईट नसणार ती. कामात असते बिचारी."