चावीवाल्याची हजेरी

"अक्षर तुमचंच ना?" हेडक्लार्कने प्लास्टिकच्या पडद्याखालून रजेचा अर्ज पुढे सरकवला.

अर्जदादांना चष्मा लावायचीही गरज पडली नाही. युनियनचे सेक्रेटरी म्हणून तीस वर्षांत त्यांनी इतक्या जणांचे अर्ज लिहिले होते की त्यांचं खरं नाव पाणीखात्यात कोणाला आठवत नसे. आपल्या मोत्यासारख्या अक्षराचा त्यांना जरा जास्तच अभिमान होता. आज मात्र ते अक्षर त्यांच्यावरच डोळे वटारून बसलं होतं.

"माझंच," ते म्हणाले.

"मग झालं तर. आजारी पडायच्या आधी चौदा दिवस हजेरी असेल, तरच माणूस साथीत कामावर असताना गेला असं धरतात. चावीवाल्याची मस्टरवर महिनाभर रजा. मुलीला त्यांच्या जागी घ्यायचं कसं? आणि ती लागत नाही म्हटल्यावर टाकीजवळची खोलीही महिनाअखेर सोडावी लागेल."

फरशीवर आखलेल्या पिवळ्या वर्तुळात चावीवाल्याची बायको उभी होती. चावीवाला म्हणजे पहाटे गल्लोगल्ली फिरून पाण्याचे व्हॉल्व्ह उघडणारा माणूस. त्याला जाऊन अठरा दिवस झाले होते. तिच्या हातात जुन्या चादरीत गुंडाळलेलं काहीतरी लांब आणि जड होतं.

वय पंचावन्नच्या पुढे आणि अंगात जुना आजार, अशांना साथ सरेपर्यंत घरी बसू द्या, म्हणून युनियन नऊ दिवस गेटवर ठाण मांडून बसली होती. एक्केचाळीस माणसं वाचवली म्हणून अर्जदादांची छाती फुगली होती. चावीवाला तेवढा अडून बसला होता. "दादा, मी घरी बसलो तर लोकांनी हात कशाने धुवायचे?" अर्जदादांनी त्याला दटावून सही घेतली, ती त्याच्या भल्यासाठीच. आणि चार दिवसांत तो पठ्ठ्या गुपचूप परत कामाला लागला. शाळेमागचा जुना व्हॉल्व्ह उलटा फिरतो हे बदली माणसाला ठाऊक नव्हतं, आणि त्या अंगाच्या घरांत थेंब पोचत नव्हता. मस्टरवर सही करायचा प्रश्नच नव्हता. रजेवरचा माणूस हजेरी कुठे लावणार?

"येत होता हो तो," अर्जदादा म्हणाले. "सगळ्या वस्तीने पाहिलंय."

"वस्तीचं मस्टर नसतं, दादा."

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "नळाला पाणी येत होतं ना? मग कोण सोडत होतं?"

हेडक्लार्कने मान खाली घातली. "वहिनी, मी शाळेमागेच राहतो. माझ्याही घरी येत होतं. पण मी शेऱ्यात काय लिहू? पाणी आले, सबब हजर?"

माणूस वाईट नव्हता, हीच तर पंचाईत होती. समोर कोणी उर्मट भेटला असता तर अर्जदादांनी टेबल बडवलं असतं, गेट बंद पाडलं असतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं.

"मी लिहून देतो. रजा कागदावर होती, माणूस कामावर होता. खाली माझी सही."

हेडक्लार्कने आजूबाजूला पाहिलं आणि आवाज खाली आणला. "द्या. मी वर पाठवतो. पण मग वरून विचारतील, अशा कागदावरच्या रजा आणखी किती? उरलेल्या चाळीसांचे अर्ज बाहेर निघतील. चौकशी होईपर्यंत सगळे कामावर हजर. साथ अजून गेलेली नाही, दादा."

पेन कागदावर टेकलं होतं. अर्जदादांच्या डोळ्यांसमोर मीटर वाचणारा आला, ज्याला दोन पायऱ्यांत धाप लागायची. पंपावरची बाई आली, जी आठवड्यातून दोनदा रक्त शुद्ध करून घ्यायला दवाखान्यात जायची. प्रत्येकाचा अर्ज त्यांच्याच हातचा होता.

"लिहा ना, दादा," ती म्हणाली. "तुमच्या अक्षराचं फार कौतुक होतं त्यांना."

अर्जदादांना स्वतःची लाज वाटली, आणि लाज वाटूनही हात पुढे सरकेना. "वहिनी..." एवढंच म्हणून त्यांनी पेनला टोपण लावलं.

तिने त्या टोपणाकडे पाहिलं. मग तिने चादर सोडली. आत कमरेएवढी लोखंडी चावी होती, वरचा आडवा दांडा हाताने घासून घासून गुळगुळीत झालेला. तिने ती टेबलाला टेकवून उभी केली.

"रोज हीच घेऊन जायचे. पुरावा म्हणून आणली होती."

"ही सरकारी वस्तू," हेडक्लार्क ओशाळून म्हणाला. "जमा करून घ्यावी लागेल. पोच देतो."

त्याने चावी अंगापासून लांब धरून कोपऱ्यात ठेवली आणि तडक बेसिनकडे गेला. वर सूचना लावली होती, वीस सेकंद हात धुवा. त्याने साबण लावला, बोटांच्या बेचक्या चोळल्या, मनगटं चोळली. तेवढा वेळ नळ पूर्ण सोडलेला होता. पाण्याला जोरही चांगला होता. तो रुमालाला हात पुसत परत आला, आणि त्याच्यामागे नळाची बारीक धार चालूच राहिली.

"नळ नीट बंद करा हो," ती म्हणाली. "त्यांना वाया गेलेलं खपायचं नाही."