फुगलेली काकवी

“आता म्या जे सांगनार हाय, त्यावर तुमा एकाचाबी इस्वास बसनार न्हाई,” गेनू म्हणाला.

आजवरची प्रत्येक गोष्ट त्यानं अशीच सुरू केली होती. गडाच्या वाटेवर वाघानं त्याला रस्ता विचारला होता. भाटघरचं नवं धरण बांधताना पाया कुठं घालायचा, ते गोऱ्या साहेबानं त्यालाच विचारलं होतं. कुणाचा विश्वास बसला नाही, आणि गेनूलाही त्याचं कधी वाईट वाटलं नाही. आज मात्र बसायला हवा होता. कारण त्याचं गाठोडं बहिणीच्या हातात होतं.

बायको गेल्यापासून गेनू पाली गावात बहिणीकडे, बनाबाईकडेच राहायचा. वाघाची गोष्ट ऐकल्यावर तिनं सांगून ठेवलं होतं, “दादा, आनखी एक थाप, आन तुमचं गाठोडं उंबऱ्याभायेर.”

पडवीत घंगाळापाशी बनाबाईचा नवरा सावळाराम उकिडवा बसला होता. घंगाळातल्या पाण्यात काकवीची पिशवी होती. पिशवी म्हणजे बकऱ्याचं मूत्राशय; बकरं कापल्यावर पोरं जो फुगा फुगवून खेळतात ना, तोच. धुऊन, राखेनं चोळून वाळवलेला. डोंगरवाटेनं मडकं फुटतं, हे फुटत नाही, म्हणून भाचीच्या सासरी धाडायची काकवी गेनूनं काल कामथडीच्या गुऱ्हाळावरून त्यातच आणली. आढ्याला टांगली, तर दोरीवरून मुंगळे उतरले. मग बनाबाईनं ती घंगाळात सोडली आणि म्हणाली, “दादा, रातीची राखन तुमची.”

सोडली तेव्हा पिशवी अर्धीच भरलेली होती, भाकड म्हशीच्या कासेसारखी लुळी. आता ती तट्ट फुगली होती. सावळारामनं टिचकी मारली तर ढोलकीसारखी वाजली.

“गाठ माजीच हाय,” बनाबाई वाकून म्हणाली. “खून म्हनून गाठीत केस घातला हुता, त्योबी तसाच हाय.”

“मंग भोक पडलं आसंल.” सावळारामनं पिशवी वर काढून दाबली. थेंब गळला नाही. आणखी दाबली. नाही. मग त्यानं गाठ सोडली, आणि आतून चिळकांडी उडून थेट त्याच्या मिशीवर आली. त्यानं मिशी चाटली, डोळे मिटून पुन्हा चाटली.

“निम्मं पानी,” तो म्हणाला. “गेनूदा, निम्मी काकवी प्यालात आन घंगाळातलं पानी भरून ठिवलंत. बगा, घंगाळबी उतरलंय.”

“दाजी, म्या हात लावला न्हाई.”

“मंग कुनी लावला? राखनीला तुमी.”

“आन केसाचं काय?”

“केस पुन्यांदा तसाच घालाया तुमास्नी किती येळ?” बनाबाई म्हणाली. “आख्खी रात हाताशी हुती. आता ह्ये पानचट घिऊन पोरीनं सासूम्होरं जायाचं व्हय?” आणि ती गाठोडं घेऊन उंबऱ्यापर्यंत आली.

गेनूचं डोकं चालेना. काकवी आपण प्यालो नाही, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. पुढचं काहीच ठाऊक नव्हतं. गाठ सुटली नाही म्हणजे पाणी आत जायला नको. भोक नाही म्हणजे काकवी बाहेर यायला नको. त्यानं घंगाळात बोट बुडवून चाखलं. पाणी थोडं गोड लागलं. तो अधिकच घोटाळला.

“दाजी, ह्ये बगा. काकवीबी जरा भायेर आलीया.”

“कुठनं?”

“त्येच तर. दार बंद, आन येजा चालू.”

सावळाराम हसला नाही. बनाबाई तर त्याच्याकडं बघेनासुद्धा. गेनूनं गाठोड्याकडं पाहिलं. त्याच्यापाशी खरं फार थोडं होतं आणि ते पुरत नव्हतं. मग त्यानं सवयीनं त्यात भर घातली.

“म्या डोळ्यांनी बगितलं,” तो आवाज उतरवून म्हणाला. “रातभर हितं घंगाळाला टेकून बसलो हुतो. पापनीला पापनी लावली न्हाई. तोंड न उघडता पिशवी पानी पीत हुती, थानाला लागलेल्या कोकरावानी. पोट भरल्यावर तिनं ढेकरबी दिली. म्या म्हनलं, बास कर बाई, फुटशील.”

सावळारामचं मिशी चाटणं थांबलं. त्यानं पिशवीकडं पाहिलं, गेनूकडं पाहिलं, पुन्हा पिशवीकडं. बनाबाईच्या हातातलं गाठोडं जरासं खाली आलं. क्षणभर, उभ्या जन्मात पहिल्यांदाच, गेनूला वाटलं, बसला यांचा विश्वास.

तेवढ्यात शेजारचा भिमा अंगणातून वर आला. त्याच्या खांद्यावर काळी घोंगडी होती.

“रातभर हितं?” तो म्हणाला. “काय थापा मारताय गेनूदा. जेवनं झाली तसं तुमी माज्या खळ्यावर आलात. वाघाचं सांगितलंत, मंग साहेबाचं, आन तितंच पडलात. तुमच्या घोरन्यानं माजी बैलं उभी राहिली. दिस वर आला तवा उठून गेलात, आन घोंगडी तितंच. ही घ्या.”

घोंगडी घ्यायला गेनूचा हात पुढं होईना.

“गेनूदा रातभर खळ्यावर, मंग पानी कुनी घातलं?” सावळारामनं विचारलं, पण कुणाला, ते त्यालाही उमगलं नसावं.

बनाबाईचा एक पाय उंबऱ्याच्या आत होता, एक बाहेर. गाठोडं कुठल्या अंगाला ठेवावं, ते तिला कळेना.