हात धरायला कुणीतरी

“बहीण आली का तुमची?” संशोधक बाईंनी दारातून डोकावून विचारलं.

“येतेय. वाटेत आहे,” क्रेनवाला म्हणाला.

वाटेत कुणीच नव्हतं. जवळचं माणूस कोण येईल असं फोनवर विचारलं, तेव्हा ‘बहीण’ म्हणून तो मोकळा झाला होता. आता ती आणायची कुठून?

बंदरातल्या उंच क्रेनच्या केबिनमध्ये त्याची उमेदीची वर्षं सरली होती. वर तो एकटा आणि खाली मुंगीएवढी माणसं. घरी तर मुंग्याही नव्हत्या. मग एका सकाळी शिडीच्या मध्यावरच छाती धडधडायला लागली, हातपाय गारठले. दोघांनी धरून खाली आणलं. हृदय ठणठणीत निघालं. डॉक्टर म्हणाले, हा चिंतेचा विकार, आणि त्यांनीच त्याला इथे पाठवलं.

घाबरलेला मेंदू आतून कसा दिसतो, कुणी हात धरला तर त्याला काही फरक पडतो का, हे इथे यंत्रातून बघत होते. एकदा एकट्याने आत जायचं, एकदा अनोळखी माणसाचा हात धरून, एकदा आपल्या माणसाचा.

बाकावर शेजारी एक बाई डबा खात बसली होती. क्रेनवाल्याने दोनदा घसा खाकरला.

“तुम्ही कुणाबरोबर आलात?”

“कुणाबरोबर नाही. बोलावलं की आत जायचं.”

“एक विचारू का? रागावू नका. थोडा वेळ माझी बहीण व्हाल?”

तिचा घास हातातच राहिला. त्याने सगळं सांगितलं. मान खाली घालून सांगितलं.

“थोरली की धाकटी?” तिने विचारलं.

“धाकटी.”

“मग दादा म्हणते,” ती म्हणाली आणि डब्याचं झाकण लावलं.

तेवढ्यात त्याला हाक आली.

बोगद्यासारख्या यंत्रात तो उताणा पडला. डोळ्यांसमोर पडदा, घोट्याला वायर. पडद्यावर लाल फुली आली की विजेचा झटका बसेल, कदाचित बसणारही नाही. झटक्यापेक्षा ती वाट बघणंच जीवघेणं होतं. यंत्राची ठकठक डोक्यात शिरत होती. पहिल्या फेरीत त्याला शिडीच आठवत राहिली.

दुसऱ्या फेरीत एक अनोळखी हात आला. यंत्राबाहेरचं काही दिसत नव्हतं. हात गार होता, लाकडासारखा. धरायचा म्हणून धरलेला. ‘पगारी माणूस, त्याला काय पडलंय,’ क्रेनवाल्याच्या मनात आलं. फुली दिसली की छाती तशीच उडत होती.

तिसऱ्या फेरीआधी जरा थांबले. मग पायाशी आवाज आला, “दादा, मी आलेय.”

हा हात ऊबदार होता. फुली आली तशी बोटं किंचित आवळली गेली. त्याला वाटलं, हिलाही माझ्याबरोबर भीती वाटतेय. झटका बसला तो त्याला नीटसा कळलाही नाही. फेरी संपली, हात सुटला, तरी त्याची बोटं तशीच मिटलेली राहिली.

कपडे बदलून तो आला, तर बाक रिकामा होता.

संशोधक बाईंनी पडद्यावर तीन चित्रं लावली. “एरवी इतक्यात दाखवत नाही. पण बघा. एकटे असताना भीतीच्या जागा अशा पेटलेल्या. अनोळखी हाताने काडीचाही फरक नाही. आणि बहीण आल्यावर हे.”

तिसरं चित्र जवळपास शांत होतं.

त्याने पडद्यावरून नजर काढली. “बाई, तुमचं काम बिघडवायचं नाही मला. ती माझी बहीण नाही. बाकावर बसली होती, मीच गळ घातली.”

“ठाऊक आहे. तिने मला सांगितलं. मीच म्हटलं, जा.”

“तुम्ही ओळखता तिला?”

“आमच्याकडेच कामाला आहे ती,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या फेरीतला हातही तिचाच होता.”