वेगळं भांडं

टाकीतला मोठा गोल्डफिश हात नसतानाही सकाळपासून छोट्या मासोळीच्या हात धुऊन मागे लागला होता. तिचे दोन-चार खवले निघालेले पाहून तात्यांच्या घशाखाली चहा उतरेना. काल एकटीच माहेरी आलेली लेक शेजारी बसली होती. तिच्या मनगटावरचे वळ तात्यांना काल चष्म्याशिवाय दिसले नव्हते, आणि आज चष्मा माशांच्या कामात होता.

मासे जिथून आणले होते, त्या दुकानदाराला तात्यांनी फोन लावला.

"भांडण नाही काका ते, प्रेम आहे," दुकानदार म्हणाला. "नर असाच मादीच्या मागे लागतो. पण तिला काही दिवस वेगळी ठेवा. टाकीत पळून पळून जाणार कुठे ती? दमूनच मरेल."

तात्यांनी तातडीने काचेचं मोठं भांडं घासलं, त्यात टाकीतलंच पाणी भरलं आणि मासोळीला जाळीने अलगद उचलून त्यात सोडलं. मग कुठे त्यांच्या जिवात जीव आला.

एवढ्यात खाली ओळखीचा हॉर्न वाजला.

"जावईबापू आले न्यायला. बॅग घे तुझी," तात्या म्हणाले. "प्रेम आहे गं त्यांचं, म्हणून तर असे मागोमाग येतात."

लेक जागची हलली नाही. "तात्या, मी राहू का इथे थोडे दिवस?"

तात्यांनी भांड्यावरची नजर न काढता ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल," ते म्हणाले. "आत्ता कुठे शांत झालीय बिचारी."